मायेचे तेवीस शतांश

घड्याळजींना वेळ विचारायची सोय नव्हती. कुणी जिन्यात सहज म्हटलं, "किती वाजले हो?" तर ते "पावणेसहा" असं कधी सांगायचे नाहीत. "पाच चव्वेचाळीस आणि वीस सेकंद," असं सांगायचे, आणि विचारणारा चार पायऱ्या उतरला की मागून हाक मारून "आता तीस" असंही कळवायचे. एकेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दुकान बंद केलं तेव्हा हात शाबूत होते, डोळे तेवढे दमले होते. घरी बसल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी घरातली सगळी घड्याळं उघडून पुन्हा लावली, मग शेजाऱ्यांची, आणि शेवटी बायकोची भाजी शिजायला किती मिनिटं लागतात याची नोंद ठेवायला सुरुवात केली. तेव्हा बायकोने सुनेला गाठलं.

"सकाळी पळायला जातेस ना, यांनाही घेऊन जा बाई. मोजायला काहीतरी दे यांना, नाहीतर मी वेडी होईन."

सून इस्पितळात रक्ततपासणीच्या खिडकीवर काम करायची. वय एकतीस, पदरात सहा वर्षांची मुलगी, आणि मनात बारा वर्षांची एक सल. एकोणिसाव्या वर्षी शंभर मीटरच्या निवड चाचणीत मोठ्या स्पर्धेचा प्रवेश तिच्या हातून तीन शतांश सेकंदांनी निसटला होता. तीन शतांश म्हणजे किती, हे घरात फक्त घड्याळजींना कळलं. तिचा नवरा एकदा म्हणाला, "एवढ्याशाने काय बिघडतं?" तर घड्याळजी त्या दिवशी स्वतःच्या मुलाशी बोलले नाहीत.

आता त्याच स्पर्धेची चाचणी पुन्हा जाहीर झाली होती. शंभर मीटर तेरा सेकंदांच्या आत, की प्रवेश. पुढच्या वर्षापासून प्रयोगशाळेत पाळ्या लागणार होत्या, म्हणजे तिची सकाळ तिची राहणार नव्हती. "यंदा नाही तर मग नाहीच," असं ती एकदा म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली नाही. घड्याळजींनी ते मनावर घेतलं. इतकं मनावर घेतलं की वाचनालयातून पळण्याच्या शास्त्रावरची तीन जाडजूड पुस्तकं आणली आणि जेवताना सगळ्यांना ऐकवायला लागले.

"पाय जमिनीला टेकतो तो सेकंदाचा जेमतेम दहावा हिस्सा. तेवढ्यात जमिनीला जो जास्त जोर लावेल तो पुढे जातो. सुरुवातीला अंग पुढे झुकलेलं हवं, लगेच ताठ व्हायचं नाही. आणि पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की तो ब्रेकच."

"म्हणजे थोडक्यात, जोरात पळायचं," बायको म्हणाली.

"थोडक्यात नाही," घड्याळजी दुखावून म्हणाले.

तर रोज सकाळी सहाला सासरे-सून शाळेच्या मैदानावर जाऊ लागले. लाल मातीचा पट्टा, कडेला एक मोडका बाक, आणि पलीकडे फेऱ्या मारणारी मंडळी. घड्याळजी शेवटच्या रेषेजवळ उभे राहायचे. त्यांच्या हातात त्यांचं स्वतःचं स्टॉपवॉच, जुनं पण स्वतः तेल घालून, तपासून, शतांशापर्यंत चोख केलेलं. सुरुवातीच्या रेषेवर शाळेचे खेळाचे शिक्षक शिट्टी वाजवायचे, ती ऐकून घड्याळजी अंगठा दाबायचे, सून धावत यायची, ती रेषा ओलांडताना पुन्हा अंगठा. मग वहीत आकडा. पहिल्या महिन्यात तेरा साठ, तेरा पन्नास. बायको म्हणायची, पी हळद आणि हो गोरी असं कुठे असतं का, धीर धरा. पण आकडे खरंच खाली येत होते. तेरा तीस. तेरा दहा. सहाव्या महिन्यात बारा नव्वद, सातव्यात बारा पंच्याहत्तर.

वहीवरूनच सरावाची आखणी व्हायची. आकडा खाली आला की घड्याळजींना वाटायचं, हे केलेल्या कष्टाचं फळ, मग कष्ट वाढवायचे. सहाच्या आठ धावा झाल्या, आठच्या बारा झाल्या, मध्ये मिनिटभर दम घ्यायचा की पुन्हा रेषेवर. सून कामावर जाताना जिना कठड्याला धरून उतरायची. पण वही म्हणत होती की चाललंय ते बरोबर, आणि वहीवर दोघांचाही विश्वास होता. चाचणीला सहा आठवडे उरले होते आणि घड्याळजी मनातल्या मनात तिचा फोटो कुठल्या भिंतीवर लावायचा ते ठरवून बसले होते.

शिट्टी वाजवणारे ते खेळाचे शिक्षक रोज मैदानावर असायचे. गळ्यात सदैव शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसरच म्हणायचे. एका सकाळी सरांनी महिना-दीड महिन्यासाठी उसनं मिळालेलं नवं यंत्र आणलं. एक छोटी पेटी आणि तिपाईवर उभे केलेले दोन खांब. पेटीतून आवाज झाला की घड्याळ आपोआप सुरू, आणि शेवटच्या रेषेवर दोन खांबांमधला अदृश्य किरण धावणाऱ्याच्या छातीने तुटला की घड्याळ आपोआप बंद. माणसाचा हात कुठेच नाही. चाचणीतही असंच यंत्र असणार होतं.

"चला, तुमच्या बारा पंच्याहत्तरवर शिक्कामोर्तब करू," सर म्हणाले.

सून धावली. पेटीवर आकडा उमटला. तेरा पूर्णांक एकवीस.

सुनेने तो आकडा वाकून दोनदा वाचला.

"पुन्हा," ती म्हणाली. पाच मिनिटांनी पुन्हा धावली. तेरा चोवीस.

"यंत्रात दोष आहे," घड्याळजी म्हणाले. एकेचाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी हजार गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, नाचता येईना अंगण वाकडं. आज ते स्वतःच बोलून गेले आणि त्यांचे कान गरम झाले.

परतताना फाटकापाशी सून एवढंच म्हणाली, "बाबा, मी मंद झालेय. कुठेतरी ढिलाई झाली असेल. उद्यापासून संध्याकाळीही येते."

घरी आल्यावर घड्याळजींनी स्टॉपवॉच उघडलं, तपासलं, मिटलं. दोष नव्हता. बायको समोर बसून फाटलेली उशी शिवत होती. तिने तीस वर्षं कापडाच्या दुकानात गजाने कापड मोजून दिलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दोरा दाताने तोडला.

"तुमचं घड्याळ ठीक आहे. अंगठा लाडावलाय तुमचा."

"म्हणजे काय?"

"आमच्या दुकानात काय व्हायचं? गिऱ्हाईक आवडीचं असलं की दर मीटरला अंगठा बोटभर पुढे सरकायचा. मुद्दाम नाही हो, आपोआप. मालकाने एकदा माझ्यामागून पुन्हा मोजलं तेव्हा मला कळलं. मी शपथेवर सांगितलं असतं की मी बरोबर मोजते."

"मी घड्याळजी आहे," घड्याळजी म्हणाले.

"हो. आणि ती सून आहे. सरांना पळवून बघा की, त्यांच्यावर काही तुमची माया नाही."

हा सल्ला ऐकून घड्याळजींना राग आला, पण सकाळी ते सुनेच्या आधी अर्धा तास मैदानावर हजर होते. शिट्टीसरांचं पोट त्यांच्या आधी रेषेवर पोहोचायचं, तरी बिचारे शास्त्रासाठी तीनदा धावले. घड्याळजींचा आकडा आणि यंत्राचा आकडा यांत तिन्ही वेळा चोवीस शतांशांच्या आसपास फरक. त्याचं कारण तर पुस्तकातच होतं: आवाज ऐकून अंगठा दाबायला माणसाला वेळ लागतो, म्हणून घड्याळ उशिरा सुरू होतं. शेवटी मात्र धावणारा येताना दिसतो, म्हणून तिथे उशीर होत नाही. तेवढी चूक कुणाच्याही हातून होते. घड्याळजींना जरा बरं वाटलं.

मग सून आली. तिलाही तीनदा धावायला लावलं. ती यंत्रासाठी धावत होती, आणि घड्याळजी रेषेजवळ मुकाट्याने आपलंही घड्याळ चालवत होते. फरक सत्तेचाळीस शतांश.

त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर वजाबाकी मांडली. चोवीस शतांश कुणाच्याही अंगठ्याचे. उरले तेवीस, ते फक्त या सुनेसाठी. ती रेषेच्या दोन पावलं अलीकडे असतानाच त्यांचा अंगठा म्हणत होता, पोहोचली, पोहोचली. लोक ज्यांच्या दुकानावरच्या घड्याळावरून आपली घड्याळं लावून घेत होते, त्या माणसाने घरच्याच पोरीला आठ महिने खोटी वेळ सांगितली होती. त्यांना फार लाज वाटली. आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, कारण सून आता दुप्पट सराव करणार होती आणि तिला वाटत होतं की चूक तिची आहे.

संध्याकाळी ती मुलीच्या गणवेशाला इस्त्री करत होती. घड्याळजी वही घेऊन तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि काहीही न वगळता सगळं सांगितलं. चोवीस, तेवीस, शिट्टीसर, कापडाचं दुकान. तिने मध्येच इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे मी बारात कधी आलेच नाही."

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

तिने इस्त्रीचा खटका बंद केला. "बाबा, इस्पितळात दिवसभर लोक मला म्हणतात, जरा साखर कमी लिहा ना. मी लिहीत नाही. कारण मग औषध चुकतं." एवढं बोलून ती अर्धवट चुरगळलेला गणवेश तिथेच टाकून आत गेली.

दोन दिवस ती मैदानावर गेली नाही. घड्याळजी सहाला उठायचे, बूट घालायचे, काढायचे. बायको त्यांना चहा द्यायची आणि चक्क टोमणा मारायची नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते त्यांना कळायचं. तिसऱ्या संध्याकाळी सून कामावरून आली आणि पर्स खांद्यावर असतानाच म्हणाली, "ती वही द्या."

ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. बराच वेळ पानं उलटत राहिली, पेन्सिलीने खुणा करत राहिली. मग हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग मोकळी, मग डोळे पुसत. घड्याळजी दारात उभे होते, आत यावं की नाही ते त्यांना कळेना.

"इकडे या. हे बघा. बारा एकाहत्तर, माझा विक्रम. आदल्या रात्री पोरीला ताप होता, मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. हे बारा चौऱ्याहत्तर. त्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर झापलं होतं मला, मी मैदानावर रडवेली आले होते. आणि हा आकडा बघा, तेरा शून्य दोन. भावाकडे चार दिवस राहून, खाऊन, लोळून आले होते. त्या दिवशी मी नुसती उडत होते, मला आठवतंय."

"मग?" घड्याळजी म्हणाले.

"मग काय? मी दुःखी असले की तुमचा अंगठा मला सावरून घ्यायचा. मी खुशीत असले की म्हणायचा, हिला काय गरज आहे. वहीत मी दमलेली असताना वेगवान आहे, म्हणून तुम्ही मला आणखी दमवलंत. बाबा, औषधच उलटं झालं."

घड्याळजी खुर्चीवर बसले. ताज्या पायांनीच वेग वाढतो, हे त्या जाड पुस्तकात होतं. त्यांनी त्याखाली रेघही मारली होती. दोन जोरदार धावांमध्ये पूर्ण विश्रांती द्या, स्नायू आणि मज्जातंतू भानावर येऊ द्या, दमलेलं शरीर फक्त दमून पळायला शिकतं. पण वही वेगळं सांगत होती, आणि माणूस परक्याच्या पुस्तकापेक्षा आपल्या हातच्या अक्षरावर जास्त भरवसा ठेवतो. त्यांनी ते तिला मोकळेपणाने सांगून टाकलं.

"रागावलीस?"

"दोन दिवस खूप रागावले. आता साडेपाच आठवडे आहेत. रागावत बसले तर पळणार कधी? उद्या यंत्राने पडताळून बघू."

दुसऱ्या दिवशी शिट्टीसरांच्या खांबांनी निकाल दिला. तीस मीटरच्या धावा, मध्ये मिनिटभर दम: चार एकाहत्तर, चार शहात्तर, चार त्र्याऐंशी, चार चौऱ्याण्णव. दोन दिवसांनी त्याच धावा, मध्ये पाच पाच मिनिटं बसून: सगळ्या चार सत्तरच्या आगेमागे, शेवटची तर चार सदुसष्ट. सरांनी शिट्टी तोंडात धरूनच मान डोलावली. बाराच्या पाच धावा झाल्या. मध्ये दोन दिवस सुट्टी. एक दिवस जिम, मोजकंच पण जड वजन. आणि बाकीचा वेळ बाकावर.

बाकावर बसणं हे पळण्यापेक्षा अवघड निघालं. सुनेला दुसऱ्या मिनिटालाच उठावंसं वाटायचं. घड्याळजी पेटीकडे बघत बसवून ठेवायचे, "अजून दोन मिनिटं चाळीस सेकंद." फेऱ्या मारणाऱ्या दोन बायका एकदा शेजारून जाताना एकमेकींना म्हणाल्या, "हे सासरे-सून रोज येतात, बाकावर गप्पा मारतात, मधूनच ती जरा पळून येते. आमच्याकडे का नाही असं?" यावर सुनेला इतकं हसू आलं की पुढची धाव रद्द करावी लागली.

पाच मिनिटं पुष्कळ असतात. सात वर्षं एका घरात राहून ही दोघं कधी सलग पाच मिनिटं बोलली नव्हती. तिने सांगितलं की एकोणिसाव्या वर्षी हरल्यावर तिने बूट नाल्यात फेकले होते आणि दुसऱ्या दिवशी शोधायला गेली होती. त्यांनी सांगितलं की शिकाऊ असताना एका म्हातारीच्या नवऱ्याचं घड्याळ त्यांच्या हातून फुटलं, आणि त्यांनी ते तिला कधी सांगितलं नाही, दुसऱ्याच घड्याळाचं यंत्र आत बसवून दिलं. "तिला ते चालताना ऐकू यायचं, त्यातच ती खूश होती," ते म्हणाले. "मला अजून वाईट वाटतं."

"म्हणजे खोड जुनीच आहे," सून म्हणाली, आणि उठून रेषेवर गेली.

आकडे डुगडुगत उतरले. तेरा सतरा. तेरा शून्य नऊ. एकदा उलटे वर गेले, तेरा चौदा, आणि घड्याळजींचं जेवण गेलं. शेवटच्या आठवड्यात नुसती हलकी पावलं, दोन छोट्या धावा, बाकी आराम. शेवटच्या मोजणीत यंत्र म्हणालं तेरा शून्य दोन. दोन शतांश जास्त. बायकोने विचारलं, "दोन म्हणजे किती हो?" घड्याळजींनी डोळे मिटून उघडले. "याच्या निम्म्याचा निम्मा पण नाही," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बायकोने त्यावर विनोद केला नाही.

आता घोडामैदान जवळच होतं. चाचणीच्या दिवशी रबरी पट्ट्याचं मोठं मैदान, आठ मार्गिका, शेवटी विजेचा मोठा फलक. घरच्यांना कठड्यामागे उभं केलं होतं. सुनेचा नवरा मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता. घड्याळजींनी सवयीने खिशात हात घातला. बायकोने हात पुढे केला.

"द्या ते इकडे."

"नुसतं जवळ ठेवतो."

"द्या."

त्यांनी स्टॉपवॉच दिलं. तिने ते पर्सच्या तळाशी टाकलं, वर रुमाल, वर पाण्याची बाटली. घड्याळजी रिकाम्या हातांनी कठडा धरून उभे राहिले. इतके महिने त्यांनी शेवटची रेषा पाहिली होती, अंगठा पाहिला होता, आणि अलीकडे पेटीवरचे आकडे. आता समोर बघायला काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी पाचव्या मार्गिकेकडे बघितलं.

बार झाला. सून खाली झुकलेली होती ती झुकलेलीच पुढे सुटली, पहिली आठ-दहा पावलं जमीन मागे लोटत, मग हळूहळू ताठ होत गेली. तिचे खांदे सैल होते. गाल हलत होते. तिची पावलं टेकतायत की नाही तेच कळत नव्हतं. घरात भांडी घासणारी, इस्त्री करणारी, जिना कठडा धरून उतरणारी ती पोर ही नव्हेच असं त्यांना वाटलं, आणि लगेच वाटलं, नाही, हीच ती. ती समोरून गेली तशी त्यांची मानही तिच्यामागे वळत गेली.

पुढे जाऊन ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकले, आणि फलकाकडे बघायचं सोडून थेट कठड्याकडे चालत आली. तिला फलकाकडे बघायची हिंमत होत नव्हती हे घड्याळजींना चेहऱ्यावरून कळलं.

"किती, बाबा?"

घड्याळजी गोंधळले. त्यांनी बायकोकडे बघितलं, मुलाकडे बघितलं.

"बघितलंच नाही मी," ते म्हणाले.

"वेळ बघितली नाही? तुम्ही?"

"तुला बघत होतो."

बायकोने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, फलकावर पाचवी ओळ शोधली आणि कापडाची लांबी सांगावी तशा आवाजात वाचलं, "बारा पूर्णांक चौऱ्याण्णव." सुनेच्या नवऱ्याने आरोळी ठोकली, मुलीने वरून त्याचे केस ओढले, आणि सुनेने कठड्यावरून दोन्ही हात टाकून सासूच्या गळ्यात डोकं खुपसलं. घड्याळजी अजूनही फलकाकडे वळले नव्हते. त्यांनी सुनेच्या घामेजल्या पाठीवर हात ठेवला.

"किती छान पळतेस गं तू," ते म्हणाले.